बांधलं एकानं, छापलं दुसऱ्याचं

दिल्लीत कुणालाही विचारा, कॅनॉट प्लेस कुणाचं काम? उत्तर येईल, ल्युटेन्सचं. तीन मूर्ती भवन? ल्युटेन्सचं. जनपथवरचं वेस्टर्न कोर्ट? तेही त्याचंच. मंत्र्यांचे, खासदारांचे पांढरे बंगले? ल्युटेन्सचे, म्हणून तर त्या भागाला ‘ल्युटेन्स दिल्ली’ म्हणतात.

चारही उत्तरं चूक आहेत. कॅनॉट प्लेस, तीन मूर्ती, ईस्टर्न कोर्ट, वेस्टर्न कोर्ट ही सगळी कामं रॉबर्ट टोर रसेल या सरकारी आर्किटेक्टची. बंगल्यांपैकी बहुतेक त्याच्या आणि बांधकाम खात्यातल्या त्याच्या सहकाऱ्यांच्या टेबलावरून उतरले. नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक आणि जुनं गोल संसद भवन हर्बर्ट बेकरचं. ल्युटेन्स या ब्रिटिश आर्किटेक्टचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. शहराच्या आखणीत त्याचा हात होता. राष्ट्रपती भवन, इंडिया गेट, हैदराबाद हाउस त्याचंच. गायकवाडांचं बडोदा हाउसही त्याचंच, जिथे आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. पण अख्खी राजधानी त्याच्या नावावर चढावी एवढं त्यानं बांधलेलं नाही. ती त्याच्या नावावर छापील कागदानं चढवली.

नव्या राजधानीचं उद्घाटन फेब्रुवारी १९३१मध्ये झालं. त्याच्या महिनाभर आधी लंडनच्या ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ मासिकानं नव्या दिल्लीवर खास अंक काढला. लिहिणारा होता रॉबर्ट बायरन, वय वर्षं पंचवीस. त्यानं ल्युटेन्सच्या व्हाइसरॉय हाउसला, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाला, डोक्यावर घेतलं आणि बेकरच्या सचिवालयांची सालटी काढली. त्याच वर्षी ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकातही त्याचे लेख आले. रायसिना टेकडीच्या चढावरून ल्युटेन्स आणि बेकर यांचं आधीच बिनसलं होतं. विजय चौकातून वर जाताना मधल्या पट्ट्यात राष्ट्रपती भवन नजरेआड होतं, ते त्या चढामुळे. रस्त्याचा उतार बदलून घेण्यासाठी ल्युटेन्स वर्षानुवर्षं भांडला आणि हरला. जमिनीवर बेकर जिंकला, कागदावर ल्युटेन्स. आज शंभर वर्षं होत आली, कागदाचाच निकाल टिकला आहे. १९८८मध्ये सरकारनं या भागातल्या बांधकामावर निर्बंध घातले तेव्हा त्या पट्ट्याचं सरकारी नावच ‘ल्युटेन्स बंगलो झोन’ पडलं. आता तर राजकीय भाषणांत आणि टीव्हीच्या चर्चांत ‘ल्युटेन्स दिल्ली’ ही शिवी झाली आहे. शिवी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं की ज्या बंगल्याकडे तो बोट दाखवतो त्याचा कर्ता बहुधा रसेल किंवा त्याचा सहकारी आहे. रसेलवर त्या तोडीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून तो उरला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: इमारत लोकांना दिसते ती लिहिलेल्या मजकुरातून. गवंडी ती उभी करतो, पण ती कुणाची, कशासाठी, चांगली की वाईट, ठेवायची की पाडायची, हे लिहिणारा ठरवतो. आणि आपल्याकडे लिहिणाऱ्यांनी ही जागा मोकळी सोडली आहे.

आपल्याच माणसाचं उदाहरण घ्या. दक्षिण दिल्लीत ईस्ट ऑफ कैलासच्या टेकडीवर इस्कॉनचं मंदिर आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलीच्या बसगाड्या तिथे थांबतात. शिखरांखाली फोटो निघतात, प्रसाद घेतला जातो, बस पुढे अक्षरधामला निघते. हे मंदिर अच्युत कानविंदे यांनी रचलं, हे त्या बसमध्ये कुणी सांगत नाही. कानविंदे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. जन्म १९१६चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. परतल्यावर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य आर्किटेक्ट झाले. १९५५मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली. १९७४मध्ये पद्मश्री मिळाली. इस्कॉनचं काम त्यांनी १९९३मध्ये स्वीकारलं, सत्त्याहत्तराव्या वर्षी आणि मोबदला न घेता. १९९८मध्ये मंदिर उघडलं तेव्हा पंतप्रधान वाजपेयी आले होते. चार वर्षांनी कानविंदे गेले.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम कानपूरच्या आयआयटीचं. उघडं काँक्रीट आणि वीट, आणि उत्तर प्रदेशातल्या उन्हाळ्यात एका इमारतीतून दुसरीत सावलीतून जाता येईल असे जोडमार्ग. गाड्यांचा रस्ता वेगळा, चालणाऱ्यांचा वेगळा. त्या संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या तंत्रशिक्षण संस्थांपैकी एकीचा कारभार एका मराठी माणसानं घडवला आणि तिच्या भिंती दुसऱ्यानं. मेहसाण्याची दूधसागर डेअरी कानविंद्यांची. तिच्या छतावर हवा खेळती ठेवणारे धुराड्यासारखे उंच झरोके आहेत. कारखान्याच्या गरजेतूनच तिला तिचं रूप आलं. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र त्यांचंच. महाराष्ट्रातली किती शाळकरी मुलं तिथे जाऊन आली असतील! सहलीच्या निबंधात आरशांची गंमत येते, वैज्ञानिकांची नावं येतात. ज्या इमारतीत दिवस घालवला तिच्या कर्त्याचं नाव मास्तरांनाच माहीत नसतं. मास्तरांना दोष देता येत नाही. त्यांनी कुठे वाचायचं? कानविंद्यांच्या कामावरचा ‘आकार’ हा ग्रंथ २०१७मध्ये त्यांच्या घरच्या मंडळींनी तयार केला, इंग्रजीत. मराठीत त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. कोकणानं महाराष्ट्राला दिलेल्या माणसांच्या याद्या आपण हौसेनं छापतो. नट असतात, चित्रकार असतात, क्रिकेटपटू असतात. त्या याद्यांत आचऱ्याचे कानविंदे मला दिसलेले नाहीत.

खुद्द कानविंद्यांना छापण्याचं महत्त्व पक्कं कळलं होतं. मार्च १९५९मध्ये ललित कला अकादमीनं दिल्लीत, जयपूर हाउसमध्ये, वास्तुकलेवर चर्चासत्र भरवलं. उद्घाटनाला पंडित नेहरू होते. चंडीगड आवडो न आवडो, ते तुम्हाला विचार करायला लावतं, अशा अर्थाचं ते तिथे बोलले. देशाचा पंतप्रधान एका शहराच्या रचनेवर जाहीरपणे मत मांडतो आणि त्यावर लोक वाद घालतात, हे तेव्हा घडत होतं. त्या चर्चासत्राची भाषणं आणि निबंध पुस्तकरूपानं निघाले. संपादक अच्युत कानविंदे. पुढे १९६९मध्ये त्यांनी जेम्स मिलर यांच्याबरोबर विद्यापीठांच्या परिसररचनेवर पुस्तक लिहिलं. काम करणाऱ्या माणसानं वेळ काढून लिहिलं. आपण वाचलं नाही.

त्या पिढीकडे नियतकालिकंही होती. १९४६मध्ये मुंबईत मुल्कराज आनंद यांनी ‘मार्ग’ सुरू केलं ते आर्किटेक्ट मित्रांच्या साथीनं. नावातच आधुनिक वास्तुकलेच्या संशोधनगटाची आद्याक्षरं होती. दिल्लीत पतवंत सिंग यांनी १९५७पासून ‘डिझाइन’ काढलं आणि तीस वर्षांवर चालवलं. दिल्लीच्या नियोजनाचा प्रश्न त्यांनी त्यातून लावून धरला. चांगली मासिकं होती ही. पण इंग्रजी होती, महाग होती, आणि वाचणारे बहुतेक त्याच धंद्यातले. आर्किटेक्टनं लिहायचं, आर्किटेक्टनं वाचायचं. ज्याला त्या इमारतीत आयुष्य काढायचं आहे, रोज तिच्यासमोरून जायचं आहे, त्याच्यापर्यंत यातलं काहीही पोचलं नाही. मराठीनं तरी काय केलं? नाटकाला समीक्षक दिला, सिनेमाला दिला, गाण्याला दिला, अगदी खानावळींनाही दिला. इमारतींना दिला नाही. नव्या नाट्यगृहावर बातमी येते ती आत झालेल्या पहिल्या प्रयोगाची. ते गृह कसं आहे, शेवटच्या रांगेत ऐकू येतं का, मध्यंतरात माणसं कुठे उभी राहतात, यावर कुणी ओळ लिहीत नाही.

याची किंमत काय, ते दिल्लीनं एप्रिल २०१७मध्ये पाहिलं.

प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स. ‘एशिया ७२’ या व्यापार मेळ्यासाठी १९७२मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी उभा राहिलेला. आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. टोकं छाटलेल्या पिरॅमिडसारखा आकार, आत ७८ मीटर लांबी-रुंदीचा मोकळा भाग आणि मध्ये एकही खांब नाही. असं छप्पर छोट्या छोट्या दांड्या त्रिकोणांत जोडून करतात. भार एका तुळईवर न येता चहूबाजूंना वाटला जातो. जगात त्यासाठी पोलादी नळ्या वापरत होते. आपल्याकडे तेव्हा पोलादाचा तुटवडा. म्हणून या मंडळींनी तेच काँक्रीटमध्ये करायचं ठरवलं. फळ्यांचे साचे ठोकून, मजुरांच्या हातांनी, जागेवर ओतून. एकेक सांधा जिथे अनेक दांड्या वेगवेगळ्या कोनांतून एकत्र येतात, तो ओतणं किती किचकट, हे सेंटरिंगचं काम केलेल्या माणसाला विचारा. एवढ्या मोठ्या पल्ल्याचं काँक्रीटचं असं छप्पर त्याआधी जगात कुणी केलेलं नव्हतं. गरीब देशानं आपल्या गरिबीतून काढलेली ही वाट होती, आणि ती मजुरांच्या कौशल्यावर उभी होती.

हे दिल्लीकरांना कुणी सांगितलं? दिल्लीकराला ते ‘प्रगती मैदानाचा तो मोठा हॉल’ म्हणून माहीत होतं. नोव्हेंबरचा व्यापार मेळा आणि पापडाचे स्टॉल. पुस्तक मेळ्याला लाखो माणसं प्रगती मैदानावर पुस्तकं विकत घ्यायची, पण या छपराची गोष्ट सांगणारं एखादं पुस्तक हिंदी-मराठीच्या गाळ्यांवर मला कधी दिसलं नाही. महेंद्र राज यांच्या कामावर देखणा ग्रंथ निघाला २०१६मध्ये, झुरिकच्या प्रकाशनातर्फे.

मैदानाच्या मालकांना तिथे नवं संमेलन केंद्र हवं होतं. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेनं स्वातंत्र्यानंतरच्या ६२ इमारती वारसा म्हणून नोंदवाव्यात अशी यादी दिली होती. दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीनं पट्टी लावली: साठ वर्षं पूर्ण झालेली इमारतच विचारात घेऊ. हॉल ऑफ नेशन्सचं वय पंचेचाळीस. जगभरातल्या संग्रहालयांनी आणि आर्किटेक्टांनी पत्रं लिहिली, याचिका झाल्या, त्या फेटाळल्या गेल्या. २३ एप्रिलच्या रात्री यंत्रं आत शिरली आणि सकाळपर्यंत हॉल जमीनदोस्त झाला होता. दिल्ली शांत राहिली. एकही चाकरमानी रजा टाकून तिथे जाऊन उभा राहिला नाही, आणि त्याला बोल लावायचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती इमारत त्याची आहे असं त्याच्या भाषेत त्याला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. बातम्या आल्या, मोठे लेखही आले, पण बहुतेक पाडल्यानंतर. पाच वर्षांनी, २०२२मध्ये, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं दक्षिण आशियाच्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. हॉल ऑफ नेशन्स त्यात मानानं होता. त्या जागी दिल्लीत आज भारत मंडपम् आहे. २०२३ची जी-२० परिषद तिथेच झाली. नवं केंद्र नको होतं, असं मी म्हणत नाही. जुन्याला ठेवून नवं बांधता आलं असतं की नाही, हा प्रश्न लोकांसमोर गेलाच नाही, हे म्हणतो.

ही हतबलता दिल्लीला पहिल्यापासून नव्हती. १८४७मध्ये याच शहरात तीस वर्षांच्या एका मुन्सफानं इमारतींवर पुस्तक लिहिलं. सय्यद अहमद खान, पुढे अलीगढ चळवळीचे सर सय्यद. पुस्तकाचं नाव ‘आसार-उस-सनादीद’. भाषा उर्दू, म्हणजे तेव्हाच्या दिल्लीच्या बाजारात, मैफलीत, कचेरीत चालणारी. दोन चित्रकारांनी काढलेली शंभरावर रेखाटनं त्यात होती. कुतुबमिनारावरचे वरचे शिलालेख खालून वाचता येत नव्हते, म्हणून सर सय्यद दोराला बांधलेल्या टोपलीत बसून वर लटकत आणि अक्षरं उतरवून घेत. त्यांच्या चरित्रकारानं, अल्ताफ हुसेन हालीनं, ही हकीकत नोंदली आहे. खाली उभ्या असलेल्या त्यांच्या विद्वान मित्राचा जीव टांगणीला लागलेला असे.

मला त्या पुस्तकाचं मोल वाटतं ते आणखी एका कारणानं. पहिल्या आवृत्तीत शेवटचा मोठा भाग माणसांचा होता. दिल्लीतले कवी, हकीम, सुलेखनकार, सूफी, गवई. इमारत आणि तिच्याभोवतीची माणसं एकाच पुस्तकात. १८५४ची दुसरी आवृत्ती काटेकोर झाली, साहेबी शिस्तीत बसली, आणि माणसांचा भाग गळला. तीन वर्षांनी १८५७ आलं. इंग्रजांनी लाल किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून बराकी बांधल्या, किल्ल्यासमोरची वस्ती साफ केली. त्या दिल्लीतलं जे गेलं त्यातलं बरंच आज आपल्याला कळतं ते या पुस्तकामुळे. १८६१मध्ये गार्सां द तासीनं त्याचं फ्रेंच भाषांतर केलं. पुढे जफर हसन यांनी पुरातत्त्व खात्यासाठी दिल्लीतल्या वास्तूंची चार खंडांची यादी केली, १९१६ ते १९२२. एकेक वास्तू कुठे, मालक कोण, अवस्था कशी, शिलालेख काय. आजही दिल्लीत एखादी कबर किंवा बावडी वादात सापडली की वकील ती यादी उघडतात.

नुसतं नाव लिहून ठेवलं की काय होतं, तेही दिल्लीतच बघायला मिळतं. बाराखंबा कब्रस्तान नावाचं एक राष्ट्रीय संरक्षित स्मारक सरकारी यादीत होतं. पुरातत्त्व खात्याला ते सापडेना. २०२४मध्ये देशभरातल्या अशा अठरा स्मारकांना यादीतून वगळलं, त्यात हे दिल्लीचं. राजधानीच्या ऐन मध्यात, पुरातत्त्व खात्याच्या मुख्यालयापासून फार लांब नाही, असं एक संरक्षित स्मारक नाहीसं झालं. कुणीतरी त्याचं दोन पानं वर्णन करून, एक नकाशा काढून ठेवला असता, तर आज बोट ठेवून विचारता आलं असतं की या जागेवर काय उभं केलंत?

मोकळ्या सोडलेल्या जागेत वाट्टेल ते उगवतं. जुनं संसद भवन मुरैन्याजवळच्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून उचललं, असा मजकूर मोबाइलवर फिरतो. दोन्ही गोल आहेत, एवढाच पुरावा. बेकरचा पहिला विचार तिकोनी इमारतीचा होता आणि गोल आकार नंतर चर्चेतून आला, ही नोंद मात्र इंग्रजी ग्रंथांत पडून आहे. मितावलीच्या मंदिराला अशा दाव्याची गरज नाही, ते स्वतःच्या बळावर थोर आहे. पण लोकांना गोष्ट हवी असते. खरी गोष्ट त्यांच्या भाषेत कुणी सांगितली नाही, तर ते हाती येईल ती घेतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आता वर्तमानपत्रांकडे. इमारतींवर सगळ्यांत जास्त मजकूर आज कुठे छापला जातो? मालमत्तेच्या पुरवण्यांत. नोएडा आणि गुडगावच्या पानपानभर जाहिराती. तळ्याकाठचे मनोरे, इटलीतल्या गावांची नावं, गवतावर धावणारी गोरी मुलं. ज्या कुटुंबानं आयुष्याची पुंजी घालायची त्याला इमारतीबद्दल जे काही कळतं ते विकणाऱ्याकडून. मग ते जाहिरातीतला नकाशा बघून घर घेतं आणि मंजूर नकाशा वेगळाच निघतो.

नोएडाच्या सेक्टर ९३-अ मधले सुपरटेकचे जुळे मनोरे आठवतात? २८ ऑगस्ट २०२२ला पाडले. ३,७०० किलो स्फोटकं, नऊ सेकंद, धुळीचा लोट. सगळ्या वाहिन्यांवर उलटी मोजणी चालली होती. मनोऱ्यांपेक्षा बोलण्यासारखी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१च्या निकालात होती. शेजारच्या एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांनी नोएडा प्राधिकरणाकडे मंजूर नकाशे मागितले. प्राधिकरणानं बिल्डरला विचारलं, देऊ का? बिल्डर नाही म्हणाला. आणि रहिवाशांना नकाशे मिळाले नाहीत. आपल्या खिडकीसमोर काय उभं राहणार हे ज्या कागदावर लिहिलं आहे, तो कागद त्या खिडकीत राहणाऱ्याला दाखवायचा नाही! रहिवासी तरीही लढले. दोन इमारतींतलं अंतर नियमापेक्षा कमी आहे, मूळ नकाशातल्या बागेवर मनोरा येतो आहे, हे त्यांनी कागद मिळवून, वाचून, न्यायालयात सिद्ध केलं. माझ्या मते हे या काळातलं वास्तुकलेवरचं सगळ्यांत गंभीर वाचन आहे, आणि ते तिथे राहणाऱ्या माणसांनी केलं. एखाद्या पत्रकारानं तो नकाशा सुरुवातीलाच सोप्या भाषेत छापला असता, तर मनोरे चाळीस मजल्यांच्या वल्गना करत एवढे वर चढले नसते.

२०१६च्या रेरा कायद्यानं मंजूर नकाशा, कार्पेट क्षेत्रफळ, ताब्याची तारीख लोकांसमोर मांडणं बिल्डरवर बंधनकारक केलं. खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरले तर भरपाई मागण्याचा हक्कही त्यात आहे. ही सगळी माहिती आज उघडी पडली आहे. तिच्यावर लिहिणारी माणसं कुठे आहेत? जाहिरातदार रागावेल म्हणून पुरवणीत तिला जागा नाही, आणि मुख्य अंकात इमारत येते ती कोसळल्यावर.

नाव दिलं की दिसू लागतं, याचाही दाखला दिल्लीतलाच. गौतम भाटिया स्वतः आर्किटेक्ट. नव्या श्रीमंतांच्या खांब-कमानींनी लगडलेल्या घरांना त्यांनी ‘पंजाबी बरोक’ म्हटलं, आणि १९९४मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं. ती घरं आधीपासून होती. पण त्या दोन शब्दांनंतर दक्षिण दिल्लीतला माणूस शेजारच्या घराकडे थांबून बघू लागला, त्यावर बोलू लागला. माझ्या मते भाटियांनी त्या घरमालकांना जरा जास्तच झोडपलं. फाळणीत सगळं गमावून आलेल्या माणसाला चार खांब हौसेनं लावावेसे वाटले तर मला त्यात करुणा दिसते. पण त्यांनी लिहिलं म्हणून मला वाद घालता येतो. मराठीत असं कोण लिहितं, की ज्याच्याशी भांडावं?

दिल्लीतलं नवं महाराष्ट्र सदन घ्या. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३मध्ये उघडलं. मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकानेच्या रकाने लिहिले: खर्च, कंत्राट, आरोप, खोल्या कुणाला मिळतात, कँटीनमध्ये काय मिळतं. लिहायलाच हवं होतं, लोकांचा पैसा आहे. पण महाराष्ट्राचं राजधानीतलं घर कसं असावं, त्यात महाराष्ट्राचं काय आहे, ते दिल्लीच्या उन्हात कसं वागतं, यावर एक तरी लेख आठवतो का? त्याचे आर्किटेक्ट कोण, हे सांगू शकणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

म्हणून मराठी संपादकांना माझी विनंती आहे. मागणी मोठी नाही. कुठल्याही नव्या इमारतीच्या बातमीत मंत्र्याच्या नावाच्या खाली आर्किटेक्टचं आणि इंजिनिअरचं नाव छापा. पुस्तकाच्या बातमीत लेखकाचं नाव गाळत नाही, तसं. महिन्यातून एकदा एका इमारतीचं परीक्षण छापा, आणि ते आर्किटेक्टकडून न लिहवता अशा माणसाकडून लिहवा जो तिथे राहिला आहे, रांगेत उभा राहिला आहे, शिकला आहे. नकाशा छापा. वाचकाला नकाशा कळत नाही हा गैरसमज आहे. फ्लॅट घेतलेला प्रत्येक जण नकाशा वाचायला शिकलेला असतो. आणि आर्किटेक्ट मंडळींनो, तुम्ही मराठीत लिहा. अवकाश, संवाद, संकल्पना हे शब्द बाजूला ठेवा. जिना कुठे, वारा कुठून, पाणी कुठे साचतं, ते लिहा.

वाचकांसाठीही एक काम आहे. दिल्लीला याल तेव्हा प्रगती मैदानाच्या भैरों मार्गाकडच्या बाजूला जा. हॉल ऑफ नेशन्स गेला, पण तिथे १९९२मध्ये उघडलेलं राष्ट्रीय विज्ञान केंद्र उभं आहे, ते कानविंद्यांचं. जवळच हस्तकला संग्रहालय आहे, अंगणामागून अंगणं उलगडत जाणारं. ते मूळ गोव्याच्या घराण्यातले चार्ल्स कोरिया यांचं. दोन्ही पाहा, तासभर आत फिरा, आणि जे दिसलं, जे आवडलं, जे खटकलं ते दोन पानांत मराठीत लिहून आपल्या गावच्या वर्तमानपत्राला पाठवा. साठ वर्षांची अट अशीच राहिली, तर विज्ञान केंद्राला वारसा म्हणून अर्ज करता येईल तो २०५२मध्ये आणि इस्कॉन मंदिराला २०५८मध्ये. तोवर त्यांच्या बाजूनं उभा राहील तो फक्त तुम्ही लिहिलेला मजकूर.